शर्यतीतलं हेल्मेट आणि रस्त्यावरचं डोकं



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्यानं हेल्मेटवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण भांडगावात राहून या विषयापासून लांब राहता येत नाही. गावाच्या अंगावरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या शिफ्टची मुलं मोटारसायकलवरून ये-जा करतात आणि गळिताच्या हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. हेल्मेट पुष्कळांकडे आहे. फक्त ते कोपरात अडकवलेलं असतं किंवा आरशावर टांगलेलं. हवालदार दिसला की डोक्यावर चढतं. म्हणजे आपल्याकडे ते दंडापासून रक्षण करणारं साधन आहे! हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

हेल्मेटचा जन्म शर्यतीत झाला. इंग्लंडात ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर डॉ. एरिक गार्डनर नावाचे वैद्यकीय अधिकारी होते. डोकं फुटलेले स्वार त्यांच्यापुढं वारंवार यायचे. त्यांनी कॅनव्हास आणि लाख वापरून एक टणक टोपी करवून घेतली. लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची तीच लाख, बरं का. त्या काळी जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची. संघटनेनं आधी टोपी नाकारली, पण 1914 च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ती सक्तीची केली.

रस्त्यावरच्या माणसानं मात्र तिच्याकडे लक्ष दिलं नाही. 1935 च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखतं, मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेले. त्यांना पाहायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी या इजांचा अभ्यास हाती घेतला आणि 1941 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी सक्ती यायला 1973 उजाडलं. केर्न्स 1952 मध्येच वारले होते.

आता हेल्मेटच्या आत काय असतं ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1953 मध्ये एक पेटंट मिळालं. बाहेरचं कवच टणक हवं, पण आतला थर असा हवा की तो चिरडला जाईल आणि पुन्हा उसळणार नाही, ही त्यामागची कल्पना. पुढं त्या थरासाठी रूढ झाला तो थर्माकोल. होय, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, फक्त जास्त दाट. 1956 मध्ये पीट स्नेल हा मोटारींच्या शर्यतीतला चालक हेल्मेट घातलेलं असूनही दगावला. त्याच्या मित्रांनी 1957 मध्ये त्याच्या नावानं संस्था काढली आणि हेल्मेटं आपटून, फोडून तपासायला सुरुवात केली.

इथं थोडं गणित करू. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते नुसतं खाली पडलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असली तरीसुद्धा! उघडं डोकं डांबरावर दोन-तीन मिलिमीटरांत थांबतं. थर्माकोल त्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर देतो. थांबायचं अंतर दहापट झालं की धक्का एक दशांशावर येतो. बस, हेल्मेटचं सारं शास्त्र एवढंच. ताशी 300 च्या वेगानं जाणारा शर्यतीतला स्वार पडतो, घसरत जातो आणि कधी कधी उठून चालू लागतो, याचंही कारण हेच. त्याचं डोकं दीड मीटरपेक्षाही कमी उंचीवरून खाली आलेलं असतं, आणि वाटेत दुभाजक नसतो, विजेचा खांब नसतो, ट्रॉली तर नसतेच. तरीही 2020 पासून एफआयएमनं तिथली तपासणी आणखी कडक केली. तिरका आघात होऊन डोकं पिळवटलं जातं, त्याचीही चाचणी आता होते.

1 जानेवारी 2019 पासून पुण्यात पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं. हायवेवर ठीक आहे, पण शहरात वेगच नसतो, मग हेल्मेट कशाला, असा एक युक्तिवाद होता. आत्ताचं गणित त्याला उत्तर देतं. दुसरा युक्तिवाद होता स्वातंत्र्याचा: डोकं माझं आहे. तो मी हसण्यावारी नेणार नाही. आगरकरांवर ज्याचा एवढा प्रभाव होता त्या जॉन स्टुअर्ट मिलनं 1859 च्या आपल्या ग्रंथात तो फार ताकदीनं मांडला आहे. पण मिलच पुलाचं उदाहरण देतो. पूल धोक्याचा आहे, माणसाला ते ठाऊक नाही आणि सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागं ओढलं तरी त्याचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. त्याला नदीत पडायचं नसतंच. शर्यतीतला स्वार आपण पडणार हे धरूनच चालतो. आपण पडणार नाही असं धरतो. पूल आपल्याला दिसतच नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मागं बसणाऱ्यालाही लागू आहे, हेही आपण सोयीनं विसरतो.

महागडं, शर्यतीसारखं हेल्मेट घेणारी मुलंही आता गावात आहेत. त्यांच्यासाठी निगेचं थोडं. रस्त्यावर वापरायचं तर त्यावर आयएसआयची खूण हवी. चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून डोक्यावर असताना एकदा आपटलं की ते हेल्मेट संपलं, मग किंमत काहीही असो. रिकामं सीटवरून पडलं तर बहुधा बिघडत नाही, कारण आतून दाबणारं डोकं नसतं. तरी कवचाला चीर गेली का ते पाहा. आरशावर टांगू नका, दांडा आत रुततो. पेट्रोल आणि थिनर लांब ठेवा. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो, हे पोरांनी खेळात पाहिलेलं असतं. काचेवर गुऱ्हाळाची काजळी आणि चिलटं बसली की आधी ओलं फडकं थोडा वेळ ठेवा. कोरडं घासलंत तर ओरखडे पडतात आणि रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. आतून जाड टॉवेल गुंडाळू नका, हेल्मेट सैल होतं. पट्टा लावलेला नसेल तर डोकं जमिनीवर पोचायच्या आधी हेल्मेट निघून जातं. शर्यतीच्या हेल्मेटला खटका नसतो, दोन कड्यांतून पट्टा ओढून घ्यायचा असतो. खोबरेल आणि घामानं अस्तर कुबट होतं. ते काढून कोमट पाण्यात लहान मुलांच्या शांपूनं धुवा आणि सावलीत वाळवा. साधारण पाच वर्षांनी नवं घ्यावं. कोणी हेल्मेट बरोबर आणलं असेल तर पुढं या, अस्तर कसं सुटतं ते दाखवतो.