काजळ का पसरते? एका काळ्या रेघेचा इतिहास

गणपतीचे दहा दिवस म्हणजे घरातल्या लेकीसुनांची सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या कार्यक्रमापर्यंत धावपळ. साडी, नथ, गजरा सारे जागच्या जागी राहते. दगा देते ते डोळ्यांतले काजळ. दुपारपर्यंत ते खाली ओघळते, वर लावले असेल तर पापणीच्या घडीत साचते. ही तक्रार आजची नाही. माणूस हजारो वर्षे तिच्यावर उपाय शोधत आला आहे आणि त्या शोधाचा इतिहास आपल्या घरातल्या डबीपर्यंत येऊन पोहोचतो.

आधी शब्द पाहू. दिव्यावर धरते ती काजळी. ती तुपात खलली की काजळ. औषध म्हणून डोळ्यांत घालतात ते अंजन आणि दगड कुटून केलेली पूड तो सुरमा. आपल्या शेजाऱ्यांकडेही यासाठी शब्द आहेत : गुजरातीत मेश, कानडीत काडिगे, तेलुगूत काटुक. आपल्याकडे या चारही गोष्टींना वेगवेगळी नावे आहेत, कारण त्या वस्तूच वेगळ्या आहेत. गोंधळ होतो तो काजळ आणि सुरमा एकच समजण्यात. त्याबद्दल शेवटी लिहितो.

प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोघेही डोळे रंगवत. सुरुवातीला मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा रंग असे, पुढे गॅलिना या शिशाच्या खनिजाचा काळा रंग अधिक रूढ झाला. तेथील थडग्यांत सापडलेल्या डब्यांतील भुकटी फ्रान्समधील फिलिप वाल्तेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. तिच्यात शिशाचे असे क्षार निघाले की जे निसर्गात सहज मिळत नाहीत, मुद्दाम तयार करावे लागतात. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. भुकटीत चरबीही मिसळलेली होती, म्हणजे कोरडी पूड पापणीवर ठरत नाही हे त्या लोकांना ठाऊक होते.

आपल्याकडे मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे काजळ घालण्याच्या तांब्याच्या सळया सापडल्या आहेत. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येत सौवीरांजन सांगितले आहे. डोळ्यांतले पाणी वाहून जाण्यासाठी रसांजन मात्र पाच किंवा आठ रात्रींतून एकदाच, आणि तेही दिवसा नव्हे. म्हणजे अंजन दिसायला कसे यापेक्षा ते कधी आणि किती घालायचे, याचा विचार आपल्या परंपरेत मोठा होता.

घरगुती काजळाची रीत अनेकांनी आजीकडे पाहिली असेल. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची, जमलेली काजळी खरवडायची आणि तुपाच्या एकदोन थेंबांत खलायची. ही काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कोळसा, अत्यंत बारीक. ती पाण्यात विरघळत नाही आणि उन्हाने विटत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतला काळा रंग काजळीचाच आहे. जुन्या दप्तरांतले मोडी कागद ज्या शाईने लिहिले, तीही काजळी आणि डिंक यांची. दोनतीनशे वर्षांनंतरही ती अक्षरे काळीभोर दिसतात.

मग तीच काजळी कागदावर शतकानुशतके राहते आणि डोळ्यांत चार तासही का राहत नाही? फरक काजळीत नाही, तिला धरून ठेवणाऱ्या पदार्थात आहे. डिंक वाळून घट्ट होतो. तूप वाळत नाही, उलट शरीराच्या उष्णतेने पातळ होते. त्यात पापणीच्या कातडीचे स्वतःचे तेल, घाम आणि मिनिटाला पंधरावीस वेळा होणारी उघडझाप. प्रत्येक वेळी पापणीची घडी मिटते, ओला रंग तिकडे ढकलला जातो आणि तेथे रेघ जमते.

पुढचा सारा इतिहास तुपाला पर्याय शोधण्याचा आहे. बर्लिनच्या लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये नटांसाठी चरबी व मेणाच्या रंगकांड्यांचा कारखाना काढला. असा रंग लावून वरून पावडर दाबायची, म्हणजे जास्तीचे तेल शोषले जाते, ही नटांची युक्ती. रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांत तिच्यावाचून चालणार नाही. १९१७ च्या सुमारास अमेरिकेत मेबेलीनची पापण्यांच्या केसांसाठीची वडी आली. अशा वड्यांत रंग साबणात बांधलेला असे, त्यामुळे डोळ्यांत पाणी आले की ओघळ ठरलेला. नंतर मेण वाढले, आणि आता उडून जाणारे द्रावण व मागे राहणारा चिवट पापुद्रा ही रीत आहे. म्हणजे काजळ हळूहळू शाईच्या जवळ सरकले.

यातून उत्सवापुरते काढायचे ते एवढेच. पापणी आधी धुऊन पूर्ण कोरडी करावी, तेथे क्रीम लावू नये. थोडी पावडर बोटाने दाबावी. काजळ एकदाच जाड न लावता पातळ लावावे, मिनिटभर वाळू द्यावे, मग दुसरा हात. घरचे काजळ असेल तर तूप कमी, काजळी जास्त. आणि जे जास्त टिकते ते काढायलाही जास्त जपावे लागते, म्हणून रात्री तेलाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसून मगच झोपावे.

आता सुरम्याविषयी. बाजारातील पुष्कळ सुरमा आजही गॅलिनाचा, म्हणजे शिशाचा असतो. वर उल्लेखलेल्या फ्रेंच संशोधकांपैकी काहींनी २०१० मध्ये मांडले की इजिप्तच्या क्षारांतील अत्यल्प शिसे डोळ्यांच्या संसर्गाविरुद्ध उपयोगी पडले असावे. त्यावरून कोणी सुरम्याचे समर्थन करू नये. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने अपाय होतो, हे आज निर्विवाद आहे. आपल्या देशात रंगासाठी शिशाची संयुगे घातलेली प्रसाधने बनवायला कायद्याने बंदी आहे, पण सुटी पूड विकणाऱ्याच्या पुडीवर काहीच छापलेले नसते.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर घरचे काजळही घालू नये. बोटाने जंतू जातात, अश्रूंची बारीक वाट तुंबते. दृष्ट लागू नये म्हणून कपाळाच्या कडेला किंवा तळपायाला तीट लावली तरी आजीचे मन राखले जाते. घरात सुरम्याची जुनी नक्षीदार डबी असेल तर रिकामी करून, धुऊन कपाटात जपून ठेवावी. डबी आपल्या वारशाची आहे, आतली पूड नव्हे.