मॉरिशस : वसाहती राजवटीचा शेवट व नवस्वतंत्र राष्ट्रापुढील आव्हाने

हिंदी महासागरातील मॉरिशस ही ब्रिटिश वसाहत १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाली. सुमारे १,८६५ चौ. किमी. क्षेत्रफळाचे मुख्य बेट, पूर्वेचे रॉड्रिग्ज आणि काही विखुरलेली छोटी बेटे एवढाच या राष्ट्राचा पसारा. तेव्हा लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती. निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. लष्कर नव्हते, आजही नाही. राजधानी पोर्ट लुईतील शां द मार्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ब्रिटिश ध्वज उतरला आणि तांबडा, निळा, पिवळा व हिरवा असे चार पट्टे असलेला नवा ध्वज चढला. समारंभाला यायच्या असलेल्या राजकन्या अलेक्झांड्रा मात्र आल्या नाहीत. जानेवारीत शहरात दंगल पेटली होती, त्यामुळे त्यांचा दौरा रद्द झाला.

पूर्वपीठिका : डच या बेटावर १५९८ मध्ये आले आणि १७१० मध्ये ते सोडून गेले. १७१५ पासून फ्रेंचांचा अंमल होता. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच वसाहतवाल्यांची मालमत्ता, कायदे, धर्म व चालीरीती सुरक्षित राहिल्या. त्यामुळे राज्यकर्ते इंग्रज आणि जमीनदार फ्रेंच, अशी दुहेरी व्यवस्था दीडशे वर्षे टिकली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मळ्यांसाठी मजूर त्याआधीच, १८३४ पासून, भारतातून करारावर आणले जाऊ लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारे साडेचार लाख गिरमिटिये पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. हा धक्का, म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. महात्मा गांधी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना येथे थांबले होते. पुढे मणिलाल डॉक्टर या वकिलाने १९०७ पासून मजुरांचे खटले चालवले.

ऊस आणि असंतोष : मॉरिशसमधील राजकीय जागृतीचा आरंभ सहसा १९३६ पासून, म्हणजे मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला तेव्हापासून, मानतात. साखर उद्योगाच्या नोंदी पाहिल्या तर १९३७ हे वर्ष अधिक निर्णायक ठरते. लहान शेतकरी प्रामुख्याने ‘युबा’ या चिवट जातीचा ऊस लावत. त्यात साखर कमी उतरते असे कारण देऊन कारखान्यांनी त्याचा भाव पंधरा टक्क्यांनी कापला. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथील कारखान्यापाशी जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि चौघे ठार झाले. चौकशी आयोग नेमला गेला आणि मजूर संघटनांना मर्यादित मान्यता मिळाली. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल येथे मळामजुरांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात मृत्युमुखी पडलेल्या चौघांपैकी अंजले कुपेन ही गरोदर होती. तेथील क्रीडासंकुलाला आज तिचे नाव आहे.

१९४८ मध्ये मताधिकार साक्षरतेच्या अटीवर विस्तारला. १९५९ ची निवडणूक सार्वत्रिक प्रौढ मतदानाने झालेली पहिली. तिच्यात मजूर पक्ष आणि त्याचे नेते डॉ. शिवसागर रामगुलाम (१९००–८५) पुढे आले.

स्वातंत्र्याचा कौल : आशिया-आफ्रिकेतील बहुतेक वसाहतींत स्वातंत्र्य हवे याबाबत दुमत नव्हते, वाद ते केव्हा आणि कोणाच्या हाती यावे याचा होता. मॉरिशसमध्ये स्वातंत्र्य हवे की नको हाच वाद होता. बहुसंख्य भारतवंशीयांचे राज्य येईल या धास्तीने फ्रेंच मळेवाले, प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचा क्रिओल कष्टकरी वर्ग आणि इतर अल्पसंख्याकांपैकी बरेच जण ब्रिटनशी सहबद्ध राहण्याच्या बाजूचे होते. त्यांचा पक्ष पी. एम. एस. डी. आणि नेते गाएतां द्युव्हाल. गोरागोमटा, घोड्यावरून सभेला येणारा हा वकील ‘क्रिओलांचा राजा’ म्हणून मिरवत असे.

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकास्टर हाऊसमध्ये घटनापरिषद झाली. द्युव्हालांच्या पक्षाने सार्वमत मागितले. वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड यांनी ते नाकारले आणि सार्वत्रिक निवडणुकीनंतर नव्या विधानसभेने मागणी केल्यास स्वातंत्र्य द्यायचे ठरवले. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या स्वातंत्र्यवादी आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, तर पी. एम. एस. डी. ला २३. मतांचे अंतर मात्र जागांइतके नव्हते. सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध असलेल्या पक्षाला मत दिले होते. इतक्या मोठ्या विरोधासह वसाहतीतून बाहेर पडणारे राष्ट्र विरळाच.

अल्पसंख्याकांची भीती कमी करण्यासाठी राज्यघटनेत ‘बेस्ट लूझर’ ही तरतूद घातली गेली. निवडून आलेल्या ६२ सदस्यांत एखाद्या समाजाचे प्रतिनिधित्व अपुरे राहिल्यास पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांतून आठ जणांपर्यंत सदस्य घेतले जातात. त्यासाठी घटनेने चार समाज मानले : हिंदू, मुसलमान, चिनी आणि या तिन्हींत न बसणारे सर्व, म्हणजे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’.

चागोसची फाळणी : चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडण्याच्या विषयावर उपलब्ध असलेली कागदपत्रे स्वातंत्र्याच्या इतर सर्व अंगांपेक्षा अधिक आहेत, कारण पुढे अर्धशतक त्यावर खटले चालले. लँकास्टर हाऊसची बोलणी सुरू असतानाच, २३ सप्टेंबर १९६५ रोजी, पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांना स्वतंत्रपणे भेटायला बोलावले. या भेटीसाठी विल्सन यांना दिलेले टिपण पुढे उघड झाले. स्वातंत्र्य मिळण्याची आशा दाखवायची आणि चागोसबाबत समजूतदारपणा न दाखवल्यास ते हुकेल ही भीतीही घालायची, असा त्याचा आशय आहे. रामगुलाम यांनी तत्त्वतः मान्यता दिली. ती संमती होती की नाइलाज, याबाबत मॉरिशसमध्ये एकमत नाही. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस द्वीपसमूह वेगळा करून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ ही नवी वसाहत जाहीर झाली. मॉरिशसला तीस लाख पौंड मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६५ च्या ठरावाने मॉरिशसचा प्रदेश तोडू नये असे बजावले. तोवर आदेश निघून पाच आठवडे झाले होते.

डिसेंबर १९६६ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्यात करार झाला आणि त्यातील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी तळ उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चागोसवासीयांना १९६८ ते १९७३ या काळात हलवण्यात आले. त्यांची संख्या दीड ते दोन हजार अशी वेगवेगळी दिली जाते. बहुतेकांना पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत आसरा मिळाला. ब्रिटनने १९७२ मध्ये त्यांच्यासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड प्रत्यक्ष वाटले गेले ते त्या दशकाच्या अखेरीस. तोवर महागाईने त्यांचे मोल बरेच खाल्ले होते. १९८२ मध्ये आणखी चाळीस लाख पौंड देण्यात आले. २००० मध्ये लंडनच्या न्यायालयाने चागोसवासीयांच्या बाजूने निकाल दिला, पण २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारचा पक्ष उचलून धरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसकडे आणि दिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे राहायचा आहे.

जानेवारी १९६८ ची दंगल : पोर्ट लुईत क्रिओल व मुसलमान टोळ्यांत चकमकी झाल्या. दोन डझनांहून अधिक माणसे मेली आणि शेकडो कुटुंबांनी वस्त्या बदलल्या. सिंगापूरहून ब्रिटिश तुकडी आणावी लागली. कारणांबाबत तपशील परस्परविरोधी आहेत.

लोकसंख्या व साखर : स्वातंत्र्यापूर्वीच देशाचे भविष्य अंधारे असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरिया आटोक्यात आला आणि १९५२ मध्ये पाच लाख असलेली लोकसंख्या १९६२ मध्ये ६ लाख ८० हजारांवर गेली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांचा अहवाल १९६१ चा. एकाच पिकावर जगणाऱ्या दाट वस्तीच्या बेटावर जमातींतील तेढ बघता शांततेने विकास होणे अवघड, हे त्यांचे अनुमान. उपाय म्हणून त्यांनी मजुरीवर लगाम, नवे उद्योग, स्थलांतर व संततिनियमन सुचवले. त्याच सुमारास रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ यांनी तीन अपत्यांचे कुटुंब गृहीत धरून समाजकल्याणाची योजना आखून दिली. १९६० च्या ‘कॅरोल’ चक्रीवादळाने हजारो घरे पाडली आणि त्या वर्षीचे साखर उत्पादन निम्म्याहून खाली आणले होते, हे या अहवालांच्या सुराचे एक कारण असावे.

लोकसंख्येचे अनुमान चुकले. सरकारी केंद्रांच्या जोडीला कॅथलिकांची नैसर्गिक पद्धतीचा पुरस्कार करणारी संस्थाही कामाला लागली आणि चर्च व सरकार यांचा या प्रश्नावर उघड संघर्ष टळला. साठच्या दशकारंभी स्त्रीमागे सहाच्या आसपास असलेले जन्मांचे प्रमाण सत्तरीच्या आरंभी तीनच्या जवळ आले.

साखरेचे अनुमान वेगळ्या प्रकारे चुकले. देशाला तारले ते साखर सोडून नव्हे, तर साखरेचा भाव बांधून घेऊन. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारामुळे ठरावीक कोटा ठरलेल्या भावाने ब्रिटनला जात असे. ब्रिटन युरोपीय समुदायात जाणार हे दिसताच मॉरिशसने १९७२ मध्येच समुदायाशी संलग्नता करार केला.  १९७५ च्या लोमे कराराला जोडलेल्या साखर संलेखात त्याला सुमारे पाच लाख टनांचा कोटा मिळाला. संलेखातील देशांमध्ये हा सर्वांत मोठा. भाव युरोपच्या अंतर्गत दराशी बांधलेला असल्याने तो बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा कितीतरी चढा राही. मळ्यांचे सरसकट राष्ट्रीयीकरण झाले नाही. त्याऐवजी निर्यातीवर कर बसवला गेला. तांदूळ आणि कणीक स्वस्त ठेवण्यासाठी, पेन्शनसाठी आणि १९७७ पासून मोफत झालेल्या माध्यमिक शिक्षणासाठी लागणाऱ्या पैशाला साखरेचा हा आधार होता. युरोपने २००६ पासून भाव ३६ टक्क्यांनी उतरवत आणले आणि २००९ मध्ये संलेख संपला.

आघाडी, संप व आणीबाणी : १९६९ मध्ये रामगुलाम यांनी चक्क द्युव्हालांशीच हातमिळवणी केली. स्वातंत्र्याचे विरोधक मंत्री झाले आणि द्युव्हालांकडे परराष्ट्र खाते गेले. विरोधाची मोकळी झालेली जागा त्याच वर्षी स्थापन झालेल्या एम. एम. एम. या डाव्या पक्षाने घेतली. जातजमात न पाहता वर्गाच्या आधारे संघटना बांधू पाहणाऱ्या या पक्षाचे पॉल बेरांजे फ्रेंच वंशाचे, तर १९७० ची पोटनिवडणूक जिंकणारे देव विरासामी तेलुगू वंशाचे. गोदी व वाहतूक कामगारांच्या संपांनंतर डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी लागली, वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली आणि नेते तुरुंगात गेले. सार्वत्रिक निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली गेली. तिच्यात एम. एम. एम. ७० पैकी ३४ जागा मिळवून पहिला आला, तरी रामगुलाम व द्युव्हाल यांनी पुन्हा एकत्र येऊन सत्ता राखली. १९८२ मध्ये विरोधी आघाडीने मुख्य बेटावरील साठही जागा जिंकल्या आणि अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. सत्तांतर शांततेत पार पडले.

निर्यात प्रक्रिया क्षेत्र : १९७० च्या कायद्यामागे प्रा. एद्वार लिम फात यांची कल्पना होती. येथे कुंपण घातलेले क्षेत्र नव्हते. बेटावर कोठेही काढलेल्या कारखान्याला प्रमाणपत्र मिळाले की करसवलती लागू होत. १९७४–७५ च्या तेजीत मळेवाल्यांना मिळालेला नफा आणि हाँगकाँगचे भांडवल यांतून कापड व तयार कपड्यांचे कारखाने निघाले. दुसऱ्या तेलसंकटानंतर १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या कारखान्यांतील रोजगार ऐंशी हजारांच्या पुढे गेला. कामगारांत स्त्रिया बहुसंख्य, आणि त्यांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवलेले होते. या वाढीचा लाभ क्रिओल वस्त्यांना कितपत मिळाला हा वादाचा विषय आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर बेटभर दंगली झाल्या, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

मराठी भाषक : यांचे पूर्वज मुख्यतः रत्नागिरी व लगतच्या भागांतून मुंबई बंदरामार्गे आले. घरची भाषा आता बहुतांशी क्रिओल आहे. मराठी शाळांतून व मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकवली जाते. गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातील जाखडी येथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. घटनेच्या चार समाजांत मराठी भाषकांची गणना हिंदूंत होते.

रॉड्रिग्ज : १९६७ मध्ये स्वातंत्र्यविरोधी कौल, २००२ पासून स्वायत्तता.

प्रजासत्ताक : १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला. दांडीयात्रेच्या आरंभाची तारीखही हीच आहे. ब्रिटनची राणी राष्ट्रप्रमुख राहिली नाही, अंतिम अपील मात्र अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. ‘बेस्ट लूझर’च्या जागांचे वाटप आजही १९७२ च्या जनगणनेतील आकड्यांवरून होते, कारण त्यानंतर जनगणनेत समाजनिहाय नोंद घेणे थांबले. उमेदवाराला आपला समाज सांगण्याची सक्ती योग्य नाही असे मत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती उठवण्यात आली. मूळ तरतूद घटनेत कायम आहे.