प्रवाशाचे ताट आणि शेतकऱ्याची भूक : इटलीतील खाद्ययात्रेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

१० डिसेंबर २०२५ रोजी नवी दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या अधिवेशनात इटालियन पाकपरंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला. आपल्या दीपावलीलाही हा मान त्याच अधिवेशनात मिळाला. २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा बनविणाऱ्या कारागिरांची कला या यादीत आली होती. या वेळी एका कौशल्याला नव्हे, तर संपूर्ण देशाच्या स्वयंपाकाला मान्यता मिळाली.

इटलीला जाणारा आजचा प्रवासी चित्रे आणि चर्च यांच्याइतकाच जेवणासाठीही जातो. बोलोन्या येथे तालियातेल्ले, अल्बा येथे पांढरे ट्रफल, पार्मा येथे चीज असा त्याचा मार्ग आखलेला असतो. प्रत्येक गावाचा पदार्थ त्या मातीतून शतकानुशतके जसाच्या तसा चालत आला आहे, अशी त्याची श्रद्धा असते. ही श्रद्धा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. इटलीचे प्रादेशिक भोजन प्रवाशाला केवळ सापडलेले नाही. प्रवासाने, रेल्वेने, मार्गदर्शक पुस्तकांनी आणि कायद्याने ते मोठ्या प्रमाणात घडविलेले आहे. मात्र हे घडत असताना ज्यांच्या शेतातून ते अन्न आले, त्यांची भूक या कथेतून गळून गेली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

राष्ट्रापूर्वीचा प्रवास

इटलीचे राज्य १८६१ मध्ये स्थापन झाले. परंतु इटलीच्या खाद्ययात्रेचे लेखन त्याहून तीनशे वर्षांनी जुने आहे. १५४८ मध्ये ओर्तेन्सिओ लांदो याने इटलीतील ‘नवलाईच्या’ गोष्टींवर एक उपरोधिक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील काल्पनिक परदेशी प्रवाशाला सिसिलीपासून उत्तरेकडे जाताना कोठे काय खावे, हे सांगितले जाते. सिसिलीची मॅकरोनी, बोलोन्याचे सॉसेज, पिआचेन्साचे चीज अशी ही यादी पुढे सरकते. फ्रेंच निबंधकार माँतेन १५८०-८१ मध्ये इटलीत फिरला, तेव्हा त्याने खाणावळी आणि जेवणाच्या रीती यांची नोंद केली. १७८७ मध्ये नेपल्सला पोहोचलेल्या गटेने रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मॅकरोनीचे वर्णन केले आहे.

या नोंदींतील पदार्थ बहुधा शहराच्या नावाने ओळखले जातात, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे. मास्सिमो मोंतानारी या इतिहासकाराने दाखविल्याप्रमाणे इटलीतील शहर म्हणजे आसपासच्या ग्रामीण प्रदेशाचा बाजार होता. खेड्यातील चीज, मांस आणि धान्य शहरात येई आणि शहराचे नाव धारण करून दूरवर जाई. पदार्थ स्थानिक म्हणून प्रसिद्ध होतो तो स्थलांतरामुळे; जो गावाबाहेर गेलाच नाही, त्याला गावाचे नाव देण्याची गरज कोणाला भासणार? याचाच दुसरा अर्थ असा की, प्रवाशाच्या वहीत शहर आले आणि शेतकरी बाहेर राहिला.

आर्तुसी : टपालाने घडलेले पुस्तक

१८६१ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश इटालियन निरक्षर होते. प्रत्येक प्रांताची बोली, वजनेमापे आणि पदार्थांची नावे वेगवेगळी होती. अशा देशाला समाईक स्वयंपाकघर देण्याचे श्रेय पेल्लेग्रिनो आर्तुसी (१८२०–१९११) यांना दिले जाते. ते मूळचे रोमान्या प्रांतातील फोर्लिंपोपोलीचे. १८५१ मध्ये दरोडेखोरांच्या टोळीने त्या गावावर घाला घातला. त्या आघाताने त्यांच्या एका बहिणीचे मानसिक संतुलन कायमचे ढळले आणि कुटुंबाने फ्लॉरेन्समध्ये स्थलांतर केले. तेथे रेशमाच्या व्यापारात संपत्ती मिळविल्यानंतर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १८९१ मध्ये त्यांनी ‘स्वयंपाकातील शास्त्र आणि उत्तम जेवणाची कला’ हे पुस्तक स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती होत्या आणि तीत ४७५ पाककृती होत्या; त्यांच्या हयातीतील अखेरच्या आवृत्तीत ही संख्या ७९० झाली.

ही वाढ कशी झाली, हे अभ्यासण्याजोगे आहे. पुस्तक टपालाने विकले जाई आणि वाचक, विशेषतः गृहिणी, टपालानेच सूचना व नव्या पाककृती कळवीत. आर्तुसी त्या मारिएत्ता साबातीनी आणि फ्रांचेस्को रुफिल्ली या आपल्या घरच्या सहायकांकडून करवून पाहत. नव्या राष्ट्राची टपालव्यवस्था आणि रेल्वे यांच्याशिवाय असा ग्रंथ सिद्ध होणे अवघड होते. पिएरो काम्पोरेसी यांनी १९७० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत राष्ट्रीय एकात्मतेच्या कामी या पुस्तकाला मान्झोनीच्या प्रख्यात कादंबरीहून वरचे स्थान दिले, ते या अर्थाने.

आर्तुसींच्या पाककृतींत प्रवासाच्या आठवणीही येतात. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपाची कृती सांगताना ते १८५५ मधील लिवोर्नोची हकिगत देतात. तेथे ते सूप खाल्ल्यावर रात्री पोटात कळा उठल्या आणि त्यांनी सूपाला दोष दिला. फ्लॉरेन्सला परतल्यावर कळले की, गावात पटकीची साथ होती आणि ज्याच्या घरी ते उतरले होते तो घरमालक त्याच रोगाने दगावला होता. सूप निर्दोष ठरले आणि पुस्तकात आले. विनोदी ढंगाने सांगितलेल्या या प्रसंगातून त्या काळच्या प्रवाशाच्या ताटाशेजारी मृत्यू किती जवळ बसलेला असे, हेही दिसून येते.

तथापि आर्तुसींचा ‘देश’ संपूर्ण इटली नव्हता. त्यांच्या पाककृतींचा भर तोस्काना आणि एमिलिया-रोमान्या या प्रदेशांवर आहे. दक्षिणेचा वाटा अल्प आहे. त्यांचा वाचकही लोणी, मांस आणि अंडी परवडणारा मध्यमवर्ग होता.

प्रदेशांची चौकट : १९३१ ची मार्गदर्शिका

मिलान येथे १८९४ मध्ये सायकलस्वारांनी स्थापन केलेल्या तूरिंग क्लब या संस्थेने देशाचे नकाशे आणि मार्गदर्शिका छापून मध्यमवर्गाला स्वतःचा देश पाहण्याची सवय लावली. याच संस्थेने १९३१ मध्ये ‘गुईदा गास्त्रोनोमिका दितालिया’ म्हणजे इटलीची खाद्यमार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रदेश आणि प्रांत या क्रमाने तीत पदार्थ, चीज आणि मद्ये यांची नोंद आहे.

ज्या ‘प्रदेशां’त ही मांडणी केली गेली, ते प्रदेश त्या वेळी प्रशासकीय घटकच नव्हते. एकीकरणाच्या काळात सांख्यिकीच्या सोयीसाठी आखलेल्या विभागांतून ते आले होते; बहुसंख्य प्रदेशांना निर्वाचित शासन मिळाले ते १९७० मध्ये. म्हणजे आज ज्याला सहजपणे ‘प्रादेशिक भोजन’ म्हटले जाते, त्याची चौकट आधी कागदावर आखली गेली आणि पदार्थ तीत नंतर बसविले गेले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

फॅसिस्ट राजवटीला हे सोयीचे होते. १९२५ पासून गव्हाच्या स्वयंपूर्णतेची मोहीम चालू होती; १९३० पासून द्राक्षोत्सव साजरे होऊ लागले आणि १९३१ मध्ये सवलतीच्या ‘लोकगाड्या’ सुरू झाल्या. उलट कवी मारिनेत्ती याने १९३० च्या अखेरीस जाहीरनामा काढून पास्ता राष्ट्राला सुस्त करते, म्हणून ती वर्ज्य करावी, असे आवाहन केले. त्यावर वाद खूप झाला. पास्ता मात्र ताटातच राहिली. स्थानिक परंपरेचे गौरवगान आणि अन्नाची टंचाई या दोन्ही गोष्टी त्या काळात शेजारी शेजारी नांदत होत्या.

ताटाबाहेरचा इतिहास

आता या ग्रंथांत न आलेल्या ताटाकडे वळणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात व्हेनेतो आणि लोम्बार्दिया येथील शेतमजुरांचे मुख्य अन्न पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, हे होते. जोडीला दुसरे काही नसल्याने त्यांना पेलाग्रा हा रोग जडे. कातडी सोलवटणे, अतिसार आणि शेवटी बुद्धिभ्रंश अशी त्याची गती असे. १८८१ च्या गणनेत अशा रुग्णांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही, हे त्यामागील कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून हा दोष टाळीत. युरोपने धान्य आणले, ती रीत आणली नाही.

१८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख इटालियनांनी देश सोडल्याची नोंद आहे. त्यांपैकी अनेक परतले, तरी आकड्याचे गांभीर्य कमी होत नाही. न्यूयॉर्क किंवा ब्युनोस आयर्स येथे या लोकांना गव्हाची पास्ता आणि मांस पूर्वीपेक्षा नियमित मिळू लागले. सणासुदीला किंवा जमीनदाराच्या घरी पाहिलेले पदार्थ परदेशात त्यांचे नित्याचे झाले. आज जगभर ‘इटालियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेवणाचा बराच भाग अशा रीतीने देश सोडलेल्यांनी सिद्ध केला.

वायव्येकडील लांगे या डोंगराळ भागाचे उदाहरण विशेष बोलके आहे. अल्बा गावचा कादंबरीकार बेप्पे फेनोल्यो याच्या ‘ला मालोरा’ (१९५४) या कथेत एक तरुण अर्धेलीने शेती करणाऱ्याकडे सालगडी म्हणून राबतो. त्या घरी पोलेंताला चव यावी म्हणून तुळईला दोऱ्याने टांगलेल्या एकाच खारवलेल्या मासळीवर प्रत्येकाने आपला तुकडा घासायचा, अशी रीत आहे. नूतो रेव्हेल्ली यांनी याच कुनेओ प्रांतातील शेतकऱ्यांच्या तोंडी साक्षी ध्वनिमुद्रित करून ‘पराभूतांचे जग’ (१९७७) हा ग्रंथ सिद्ध केला. दारिद्र्य, स्थलांतर आणि ओस पडलेली घरे हेच त्यातील वास्तव आहे.

समृद्धीनंतरचा शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर औद्योगिक भरभराट झाली. मिलान–नेपल्स महामार्ग १९६४ मध्ये पूर्ण झाला. खेडी रिकामी होत असतानाच शहरी माणसाला खेड्याच्या चवीची ओढ लागली. लेखक-दिग्दर्शक मारिओ सोल्दाती यांनी १९५७ मध्ये पो नदीच्या खोऱ्यातील ‘अस्सल’ अन्नाच्या शोधयात्रेची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. वस्तू हातची निसटू लागते तेव्हाच तिच्या अस्सलपणाची चर्चा सुरू होते, याचे हे उत्तम निदर्शक होय.

पुढची पायरी प्रमाणीकरणाची होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या इटालियन पाककला अकादमीच्या पुढाकाराने १९७२ मध्ये बोलोन्याच्या व्यापारी मंडळात तालियातेल्लेची रुंदी अधिकृतपणे नोंदविण्यात आली : शिजल्यावर ८ मिलिमीटर. त्याचा सोन्याचा नमुनाही तेथे जतन केला आहे. घरोघरच्या आज्यांच्या लाटण्याने ठरणारी गोष्ट अशी दप्तरात गेली. याउलट रोमची परंपरा म्हणून प्रवाशासमोर येणारा कार्बोनारा हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रोमन पाकग्रंथांत आढळत नाही. १९५४ मध्ये एका इटालियन मासिकाने छापलेल्या कृतीत तर स्विस ग्रुयेर चीज आणि लसूण होते.

१९८६ मध्ये मिथेनॉलमिश्रित स्वस्त मद्याने वीसहून अधिक बळी घेतले आणि मद्य-व्यवसाय हादरला. त्याच वर्षी कार्लो पेत्रीनी आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संघटनेतून पुढे ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. १९८९ मध्ये पॅरिस येथे तिचा जाहीरनामा मान्य झाला. कृषी-पर्यटनाचा कायदा १९८५ मध्येच झाला होता. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने उगमस्थानाच्या नावांना संरक्षण दिले. २०१४ मध्ये लांगे परिसरातील द्राक्षमळ्यांचा भूप्रदेश जागतिक वारसा ठरला. टांगलेल्या मासळीचा डोंगर ट्रफल आणि बारोलो मद्याचा डोंगर झाला.

हे परिवर्तन सर्वस्वी खोटे नव्हे. त्याने जमिनीला भाव, तरुणांना रोजगार आणि नामशेष होऊ पाहणाऱ्या वाणांना आधार दिला. परंतु अदृश्य राहणारे हात आजही आहेत. पो खोऱ्यातील चीजसाठी दूध देणाऱ्या गोठ्यांत गेल्या काही दशकांपासून पंजाबी कामगार मोठ्या संख्येने राबत आहेत. पार्मिजानो-रेज्जानो चीजच्या प्रदेशातील नोव्हेल्लारा येथे २००० मध्ये उद्घाटन झालेला गुरुद्वारा त्याची साक्ष देतो. चीज चाखावयास आलेल्या प्रवाशाला त्याच्या वर्तुळाकार चाकावरील शिक्का दाखविला जातो. पहाटे गाय पिळणारा माणूस क्वचितच दाखविला जातो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, इटलीतील स्थानिक पदार्थाची कीर्ती त्याच्या एकाकीपणातून नव्हे, तर बाजार आणि प्रवास यांतील देवाणघेवाणीतून जन्मली. दोन, प्रादेशिक भोजनाची आजची मांडणी मुख्यतः १८९१ नंतरच्या पुस्तकांनी, संस्थांनी आणि कायद्यांनी सिद्ध केली. तीन, ‘गरिबांचे साधे जेवण’ म्हणून जे मोठ्या किमतीला वाढले जाते, ते पुष्कळदा गरिबांना सणालाच, किंवा देश सोडल्यावरच, मिळालेले जेवण आहे.

आल्बेर्तो ग्रांदी यांच्यासारखे अभ्यासक अलीकडे या परंपरांना ‘शोधून काढलेल्या’ परंपरा म्हणतात आणि त्यावरून इटलीत मोठा वाद होतो. परंतु परंपरा प्राचीन की बनावट, एवढ्यावरच प्रश्न संपत नाही. ती कोणी घडविली, कोणाच्या आठवणी तीत आल्या आणि कोणाच्या वगळल्या गेल्या, हे सांगणे इतिहासलेखकाचे काम आहे. वारशाच्या यादीत स्वयंपाकाची नोंद झाली, हे योग्यच झाले. तुळईला टांगलेल्या त्या मासळीची नोंदही त्याच ताटाच्या इतिहासात असावयास हवी. एरवी तो इतिहास जेवणाऱ्यांचाच राहील, पिकविणाऱ्यांचा होणार नाही.