पाच जणींचा दुसरा अर्ज

एडिनबरो विद्यापीठाने 1869 च्या वसंतात वैद्यक शिकू पाहणाऱ्या सोफिया जेक्स-ब्लेक यांचा अर्ज नाकारताना जे कारण दिले, त्यातूनच पुढच्या प्रवेशाचा रस्ता निघाला. वैद्यक शाखेच्या प्राध्यापकांनी आणि सिनेटने त्यांच्या बाजूने कौल दिला होता. अडवले ते युनिव्हर्सिटी कोर्टाने, म्हणजे विद्यापीठात ज्याचा शब्द अखेरचा त्या मंडळाने. एकाच बाईसाठी वेगळी व्यवस्था करणे विद्यापीठाला शक्य नाही, असे या मंडळाचे म्हणणे होते. जेक्स-ब्लेक यांना नकार नवा नव्हता. हार्वर्डने 1867 मध्ये त्यांना कळवले होते की आमच्या कोणत्याही शाखेत स्त्रियांच्या शिक्षणाची तरतूद नाही. लंडन विद्यापीठाच्या सनदेतच स्त्रियांना जागा नव्हती. या दोन्ही ठिकाणी बोलणे पुढे न्यायला काही उरले नव्हते. एडिनबरोच्या उत्तरात मात्र अडचण संख्येची होती आणि संख्या वाढवता येते. ‘स्कॉट्समन’ आणि इतर वर्तमानपत्रांतून आवाहन झाले, सोबत शिकायला तयार असलेल्या स्त्रिया पुढे आल्या आणि त्याच उन्हाळ्यात पाच जणींच्या वतीने पुन्हा अर्ज गेला. तो मंजूर झाला.

दुसऱ्या खेपेला मिळालेल्या अशा यशाचे श्रेय चिकाटीला देऊन मोकळे व्हायची आपली सवय आहे. ते स्पष्टीकरण इथे पुरत नाही. जेक्स-ब्लेक यांची पात्रता मार्चमध्ये होती तीच जूनमध्ये होती. त्यांचा निर्धारही तोच होता. बदलले ते एवढेच की विद्यापीठाची सबब संपली. ‘एक बाई’ हे कारण खरे होते की सभ्य भाषेतली पळवाट होती, याची शहानिशा करत त्या बसल्या नाहीत. त्यांनी ते शब्दशः खरे धरले आणि संस्थेला तिच्याच शब्दांत बांधून टाकले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. नाकारलेल्या अर्जाचे बळ वाढवायचे तर नकाराचे कारण नाहीसे करावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. ऑक्टोबरमध्ये प्रवेश परीक्षा झाली. 152 उमेदवारांत पाच स्त्रिया होत्या आणि पहिल्या सात क्रमांकांत त्यांतल्या चौघी आल्या. स्त्रियांना हा अभ्यास झेपणार नाही, हे म्हणणे त्या निकालानंतर पुराव्याने टिकणारे राहिले नाही. पुढे आणखी दोघी आल्या आणि इतिहासात या सर्व जणी ‘एडिनबरोच्या सात’ म्हणून ओळखल्या गेल्या.

यावर कोणी म्हणेल, एलिझाबेथ ब्लॅकवेल एकट्याच तर होत्या! अनेक महाविद्यालयांनी नाकारल्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथल्या महाविद्यालयाने त्यांना घेतले आणि 1849 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. एलिझाबेथ गॅरेट यांनीही लंडनच्या अपॉथेकरींच्या संस्थेची परीक्षा देऊन 1865 मध्ये परवाना मिळवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. जिनीव्हाने ब्लॅकवेल यांच्याच धाकट्या बहिणीला, एमिलीला, प्रवेश नाकारला. अपॉथेकरींनी गॅरेट यांच्यानंतर नियम बदलून ती वाट बंद केली. एकटीला मिळालेला प्रवेश संस्था अपवाद म्हणून सोसते आणि मग दार लावून घेते. पाच जणींना घ्यायचे तर नियम करावा लागतो, वर्ग भरवावे लागतात, शुल्क ठरवावे लागते. आणि नियम मोडला तर त्याबद्दल जाब विचारता येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. जेक्स-ब्लेक खात्यापित्या घरच्या होत्या, वडील नावाजलेले वकील. स्त्रियांचे वर्ग वेगळे असल्याने शुल्कही पुरुषांपेक्षा जास्त पडे. गरिबाघरच्या मुलीला हे जमले नसते, हे मान्यच करायला हवे. पण हार्वर्डला अर्ज करतानाही त्यांच्याकडे पैसा होता आणि तिथे तो कामी आला नाही. पाच जणींतल्या एडिथ पीची तर तोवर शिकवण्याचे काम करत होत्या.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: अखेर या सात जणींना एडिनबरोची पदवी मिळालीच कुठे? रसायनशास्त्राच्या परीक्षेत 1870 मध्ये पहिल्यांदाच बसलेल्यांत पीची पहिल्या आल्या. होप शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता. प्राध्यापक क्रम ब्राऊन यांनी ती खालच्या क्रमांकाच्या मुलांना दिली. कारण काय, तर पीची वेगळ्या वर्गात शिकल्या. तो वेगळा वर्ग विद्यापीठानेच लादलेला होता! त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला शरीररचनेच्या परीक्षेसाठी या साऱ्या जणी सर्जन्स हॉलकडे गेल्या तेव्हा दोनशेहून अधिक जणांच्या जमावाने रस्ता अडवला, चिखल फेकला आणि त्यांच्या तोंडावर फाटक आपटून बंद केले. आतल्या एका सहानुभूतीच्या विद्यार्थ्याने ते उघडले. परीक्षा चालू असताना कोणी तरी एक मेंढी आत ढकलली. शेवटी प्रकरण न्यायालयात गेले आणि 1873 मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने ठरवले की या स्त्रियांना प्रवेश देण्याचाच विद्यापीठाला अधिकार नव्हता.

म्हणजे हरल्या का? पदवीपुरते बोलायचे तर हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण अडसर आता कुठे सरकला होता ते पाहा. कुवतीचा वाद परीक्षांनी निकालात काढला होता, संख्येचा दुसऱ्या अर्जाने. उरला होता फक्त कायदा, आणि कायदा संसदेत बदलता येतो. 1874 मध्ये जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेऊन लंडनमध्ये स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय उभे केले. 1876 च्या कायद्याने परवाना देणाऱ्या संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. जेक्स-ब्लेक आणि पीची यांनी 1877 मध्ये बर्नची पदवी घेतली आणि त्याच वर्षी डब्लिनमधून परवानाही मिळवला. एडिनबरोने स्त्रियांना पदवीची दारे उघडली ती 1890 च्या दशकात. त्या सात जणींना मरणोत्तर मानद पदव्या मिळायला तर 2019 साल उजाडले.

या हकिकतीचा एक धागा थेट मुंबईत येतो. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी भारतातल्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणण्याचा निधी उभारला होता. त्यांच्या बोलावण्यावरून पीची 1883 च्या अखेरीस मुंबईत आल्या आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. पती दादाजी भिकाजींनी नांदायला येण्यासाठी भरलेल्या खटल्यात रखमाबाई लढत होत्या तेव्हा पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि वैद्यक शिकण्याचे बळ त्यांनीच दिले. रखमाबाई 1889 मध्ये लंडनला गेल्या आणि जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने निघालेल्या त्याच विद्यालयात दाखल झाल्या. तिकडून डॉक्टर होऊन आल्यावर सुरत आणि राजकोट इथे त्यांनी तीसहून अधिक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. मराठीत रखमाबाईंवर लिहिणारे बहुधा खटल्यापाशीच रेंगाळतात. त्यांच्या डॉक्टरकीचा इतिहास लिहायला बसेल त्याने सुरुवात पीचींपासून करावी.