लहान लेकरांना शिशाची बाधा : घरात काय जपावं?

शिसं धुळीतून, हातातून तोंडावाटे पोटात जातं. सहा वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त. मेंदूची वाढ खुंटते. सुरुवातीला लक्षणं दिसत नाहीत, रक्त तपासल्यावरच कळतं.

कशातून येतं : ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या, जुन्या रंगाचे पोपडे, सुरमा, भेसळीची सुटी हळद.

काय करावं :

• बॅटरी घरी फोडू नका, दुकानदाराला परत द्या.
• बॅटरीचं काम करणाऱ्यांनी कपडे बदलूनच लेकरू उचलावं.
• जुना रंग कोरडा खरवडू नका. फरशी ओल्या फडक्यानं पुसा.
• नवा रंग घेताना डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं बघा. २०१७ पासून तसा नियम आहे.
• जेवणाआधी मुलांचे हात साबणानं धुवा.
• दूध, नाचणी, पालेभाज्या द्या. कॅल्शियम-लोह मिळालं की शिसं कमी शोषलं जातं.

शंका आली तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या.