सगळं गुलाबी म्हणजे रोझ क्वार्ट्झ नव्हे

ऑनलाइन दुकानात 'रोझ क्वार्ट्झ' शोधा. गुलाबी दिसणारं सगळं एकाच नावाखाली येतं, वर 'प्रेम वाढवणारा दगड' ही हमी. आम्ही इंजिनियर लोक, हमी दिसली की टेस्टिंगला बसणार! म्हटलं, सुरुवात आपल्या मराठवाड्यापासूनच करू.

लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. जुनं नाव तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात लिहिलंय की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जायचं. तेर म्हणजेच तगर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडलं. आता समजा, अशा जुन्या गावात एक गुलाबीसर मणी सापडला. तो कुठला?

तो अकीक असू शकतो. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार होणारी ही अतिशय बारीक कणांची गारगोटी. तिचा लालसरपणा लोहामुळे. तापवला की रंग गडद होतो. खंभातचे कारागीर हेच करत आले.

खरा रोझ क्वार्ट्झ वेगळा. तो ग्रॅनाइटच्या प्रदेशातल्या भरड शिरांमध्ये दुधट ढेकळांसारखा मिळतो. त्याचा रंग टायटॅनियमचा की मँगनीजचा, यावर बरीच वर्षं वाद होता. २००१ मध्ये गोरेवा, मा आणि रॉसमन यांनी तो दगड आम्लात विरघळवला, तर खाली अतिसूक्ष्म गुलाबी तंतू उरले. रंग त्या तंतूंचा!

तिसरा भाऊ म्हणजे पैलूदार स्फटिकांचा 'पिंक क्वार्ट्झ'. ब्राझीलमधला प्रसिद्ध आहे. त्याचा रंग ॲल्युमिनियम, फॉस्फरस आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांच्यामुळे येतो. उन्हात ठेवला की फिका पडतो.

आणि चौथा तर चक्क तोतया. देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटमधले गुलाबी दाणे फेल्डस्पारचे असतात, गारगोटीचे नव्हेत. फेल्डस्पार सपाट, चकचकीत पृष्ठांवर फुटतो. गारगोटी काचेसारखी फुटते आणि फेल्डस्पारवर चरा पाडते.

गंमत बघा, नांदेडच्या या टोकाला जो जुना खडक उघडा आहे, तोच प्रकार लातूरलाही आहे, फक्त खोल. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर तो लागला.

म्हणून नाव महत्त्वाचं. मणी अकीकाचा असेल तर तो दख्खनच्याच काळ्या दगडातला असू शकतो. रोझ क्वार्ट्झ असेल तर ग्रॅनाइटच्या मुलखातून कुणीतरी तो इथवर आणला असणार. मग तो कोण, कुठल्या वाटेने आला, हे शोधावं लागतं. ब्रेसलेटवर चुकीचं लेबल लागलं तर फार तर पाचशे रुपये जातील. संग्रहालयातल्या मण्यावर लागलं, तर व्यापाराची एक अख्खी वाट नकाशावर चुकीची उमटेल.

तेव्हा पुढच्या वेळी गुलाबी दगड दिसला की रंग नंतर बघा. आधी विचारा, 'बाबा रे, गाव कुठलं?'