बोबोटी : केपच्या खिम्याची कुळकथा

खिम्यात मटार चालतो, बटाटा चालतो. पण शिजवलेल्या खिम्यात मनुका आणि जर्दाळूचा मुरंबा घालायचा, वर अंडी-दूध ओतून तो भट्टीत भाजायचा, असं सांगितलं की आपल्याकडे आधी नाकंच मुरडली जातात. हा पदार्थ दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा. नाव बोबोटी. आज त्या देशात गोरे-काळे सारेच त्याला आपला म्हणतात. आम्हाला मात्र त्याची पहिली मालकी कुणाची, हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कारण ज्यांनी तो रांधला त्यांच्यावरच दुसऱ्याची मालकी होती.

1652 मध्ये यान फान रीबेकने डच ईस्ट इंडिया कंपनीचा तळ केपला वसवला. पुढे कामाला गुलाम आणले गेले. जावा, सेलेबीसहून आणले, तसेच बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही. गुलामी म्हटली की आमच्या विद्यार्थ्यांना अमेरिका आठवते; आपल्याच मुलखातली माणसं जहाजात घालून केपला विकली गेली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रीबेकच्या घरात एक गुलाम बाई होती. कागदोपत्री तिचं नाव 'बंगालची आंजेला'. आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं, मुलखाचं तेवढं राहिलं. ती 1666 मध्ये मुक्त झाली. बाकीच्यांना 1834 मध्ये लागू झालेला कायदा आणि त्यानंतरची चार वर्षांची सक्तीची 'उमेदवारी' संपेपर्यंत थांबावं लागलं.

या लोकांत मलाय भाषा बोलली जाई, म्हणून केपचा मुसलमान सरसकट 'मलाय' ठरला. बंगाली, मलबारी सगळे त्या एका शब्दात बुडाले.

बोबोटीचं नाव इंडोनेशियातल्या 'बोतोक'शी जोडतात. बोतोक म्हणजे मसाला लावलेला ओल्या खोबऱ्याचा चव केळीच्या पानात बांधून वाफवणं. केपला ना नारळ, ना केळीचं पान. तिथं होतं डचांचं दूध, अंडी, पाव आणि बिडाचं भांडं, ज्याच्या झाकणावरही निखारे ठेवता येत. मालकाच्या कोठारात जे होतं त्यात मुदपाकखान्यातल्या बायकांनी आपली चव बसवली असावी.

घरी करायची तर एक किलो खिमा घ्यावा, बकऱ्याचा किंवा म्हशीचा. कांदा, आलं-लसूण, हळद, मसाला परतून त्यात तो कोरडा होईतो शिजवावा. दोन पाव दुधात भिजवून, पिळून त्यात कुस्करावेत. पावानेच खिमा मऊ राहतो, हे टाळू नये. मूठभर मनुका, दोन चमचे मुरंबा, लिंबाचा रस. आंबट-गोड चव ठळक लागली पाहिजे. भांड्यात दाबून बसवावा, वर दोन अंडी फेटलेलं कपभर दूध ओतावं, लिंबाची पानं खोचावीत. 180 अंशांवर अर्धा तास. ओव्हन नसेल तर खाली-वर निखारे. मुळात तसाच होत असे. सोबत हळद-मनुकांचा पिवळा भात.

1891 साली हिल्डागोंडा डकिट या गोऱ्या बाईंच्या पाककृतींच्या पुस्तकात बोबोटी छापली गेली. फाल्देला विल्यम्स यांचं 'द केप मलाय कुकबुक' निघालं 1988 मध्ये. मधली सत्त्याण्णव वर्षं घरोघर रांधणाऱ्या हातांचं नाव कुठं आहे? त्याच काळात, 1966 मध्ये, केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा मोहल्ला 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसं उठवली गेली. त्यांचा पदार्थ चालला, शेजार चालला नाही.

लिहिणंच येत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. 1862 मध्ये उस्मानी सुलतानाने अबू बक्र एफेंदी या आलिमांना केपला पाठवलं. त्यांचं 'बयानुद्दीन' 1877 मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. भाषा आफ्रिकान्स, लिपी अरबी! उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला याचं फार अप्रूप. एफेंदी हनफी, केपवाले शाफई. त्यांनी शेवंड हराम ठरवताच मोठा वाद पेटला. कोकणातल्या शाफई घरांना हा वाद समजावून सांगायला नको.

आणि कोकणी माणूस तिथं पोचलाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडचे मुसलमान केपटाऊनला जाऊन दुकानं थाटू लागले. 1902 च्या कायद्याने अट घातली, की येणाऱ्याला युरोपीय लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे. उर्दूत कितीही हुशार असला तरी तो निरक्षर! तरी लोक गेले, काहींनी तिथल्या 'मलाय' घरांत सोयरिकी केल्या.

केपच्या मुसलमान घरांत मसाल्याच्या डब्यातल्या हळदीला 'बोरी' म्हणतात, तो शब्द आपला नाही. लोणच्याला 'अतयार', ते आपल्या अचारचं भावंड. आणि बडीशेपेला? 'बारिशाप'. हा शब्द आपल्याच कुणा चाचीने पदराला बांधून नेला असणार, असा आमचा अंदाज आहे.